पराभवानंतरचा शनिवार

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील मुलांचा फुटबॉल-संघ तालुक्याच्या गावी सामना खेळावयास गेला आणि नऊ गोल अंगावर घेऊन परत आला. आमच्या बाजूने एकही गोल झाला नाही. परतीच्या वाटेवर टेम्पोत कोणी बोलेना. आम्ही चालकाशेजारी बसलो होतो. आम्हीही बोललो नाही. मुलांस वाटले, फादर रागावले आहेत. वस्तुतः काय बोलावे हेच आम्हांस सुचत नव्हते. परंतु न बोललेल्या शब्दाचाही अर्थ लावला जातो, हे वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरे दिवशी रविवार. मुले मिस्सेला आली, पण एरवी पुढच्या बाकांवर बसणारी ती सारी मागे दाराशी उभी राहिली. आमचा सोळा वर्षांचा गोलरक्षक आलाच नाही. मिस्सेनंतर त्याचे वडील भेटले. म्हणाले, "फादर, आमच्या पोरानं चेंडू सोडला म्हणून समजा. चहाच्या टपरीवर गेलं की लोक नऊ बोटं दाखवतात. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलगा आतल्या खोलीत होता. बाहेर यावयास तयार नव्हता. म्हणून आम्ही उंबऱ्याशी बसून, त्याला ऐकू जाईल अशा बेताने, त्याच्या वडिलांस एका दूरदेशीच्या महाविद्यालयाची हकीकत सांगितली. तीच आज वाचकांपुढे मांडीत आहोत. कारण असा पराभव केवळ मैदानावरच होतो असे नाही. परीक्षेत, शेतात, धंद्यात, घरातल्या सोयरिकीतही तो होतो, आणि तेथेही नऊ बोटे दाखविणारे भेटतातच.

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात साउथ बेंड नावाचे शहर आहे. त्याच्या शेजारी १८४२ साली होली क्रॉस संघाचे एक फ्रेंच धर्मगुरू, फादर एडवर्ड सोरिन, यांनी एक विद्यालय स्थापिले. त्याचे नाव नोटर डेम. म्हणजे 'आमची स्वामिनी', पवित्र मारिया. आज ते मोठे विद्यापीठ आहे आणि त्याच्या सोनेरी घुमटावर मारियेचा पुतळा उभा आहे. परंतु अमेरिकेतील सामान्य मनुष्यास हे विद्यापीठ ठाऊक झाले ते फुटबॉलमुळे.

तेथील फुटबॉल आपल्यासारखा नव्हे. चेंडू अंडाकृती असतो; तो हाती घेऊन धावता येते, पुढे फेकता येतो, आणि प्रतिपक्षाचे गडी धावणाऱ्यास कवेत घेऊन जमिनीवर पाडतात. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या रेषेपार गेले म्हणजे सहा गुण मिळतात, व त्यानंतर चेंडू लाथेने खांबांमधून पाठविला की आणखी एक. तेव्हा तेथील गुणसंख्या आपल्या गोलांपेक्षा मोठी दिसते, हे वाचकांनी पुढील आकडे वाचताना लक्षात ठेवावे.

नोटर डेमचा एक जुना प्रतिस्पर्धी होता. वेस्ट पॉइंट येथील लष्करी महाविद्यालयाचा हा संघ 'आर्मी' या नावाने प्रसिद्ध होता. दोघांची पहिली गाठ १९१३ साली पडली आणि तीत नोटर डेमने ३५-१३ असा विजय मिळविला. पुढे हा वार्षिक सामना न्यूयॉर्क शहरातील यांकी स्टेडियमवर होऊ लागला. त्या महानगरात आयरिश, इटालियन, पोलिश असे लक्षावधी गरीब कॅथोलिक लोक राहत. गोदीत, कारखान्यांत, बांधकामांवर राबणाऱ्या या लोकांनी महाविद्यालयाची पायरी कधी चढलेली नव्हती. तरीही मारियेच्या नावाचा संघ तो आपला संघ, असे ते मानीत. भुयारी आगगाडीने ते सामन्यास येत, म्हणून त्यांस गमतीने 'भुयारी आगगाडीचे माजी विद्यार्थी' म्हणत. संघ जिंकला की त्यांच्या घरी सण होई. हरला की सोमवारी कामावर खाली मान घालून जावे लागे.

आता १९४४ साल पाहू. दुसरे महायुद्ध पेटलेले होते. नोटर डेमचे प्रमुख प्रशिक्षक फ्रँक लेही नौदलात गेले होते. त्यांचा तरुण क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन सारा डाव चालविणारा गडी, जॉनी लुजॅक हाही नौदलात होता. त्याच्या आधी त्या जागी खेळणारा अँजेलो बर्टेली १९४३ च्या हंगामाच्या मध्यावरच मरीन दलात दाखल झाला होता. लेहींच्या जागी एड मॅकीव्हर हे प्रशिक्षक झाले आणि बहुतांशी कोवळ्या मुलांचा संघ त्यांच्या हाती आला. उलट वेस्ट पॉइंटचे विद्यार्थी शिक्षण पुरे होईतो आघाडीवर धाडले जात नसत. त्यामुळे देशातील उत्तमोत्तम खेळाडू तेथे एकत्र आले होते. त्यांत फीलिक्स ब्लँचर्ड आणि ग्लेन डेव्हिस हे दोघे असे होते की, एक मधोमध भिंत फोडून जाई आणि दुसरा कडेने वाऱ्यासारखा निसटे.

११ नोव्हेंबर १९४४, शनिवार. यांकी स्टेडियमवर सुमारे ७५ हजार लोक जमले होते. सामना संपला तेव्हा फलकावर आकडे होते: आर्मी ५९, नोटर डेम ०.

एकोणसाठ! ज्या संघाने आदल्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते, त्याला एकही गुण मिळाला नाही. नोटर डेमच्या साऱ्या इतिहासात इतक्या फरकाचा पराभव त्याआधी कधी झाला नव्हता आणि त्यानंतर आजतागायत झालेला नाही. शिवाय एक आठवडा आधीच नौदल महाविद्यालयाच्या संघाने त्यांस ३२-१३ असे हरविले होते. म्हणजे हा लागोपाठचा दुसरा घाव.

हकीकत येथवर आली तेव्हा आतल्या खोलीतून प्रश्न आला, "मग त्यांनी पुढं काय केलं?"

त्याचे उत्तर देण्यापूर्वी दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे, कारण त्या सांगितल्याखेरीज हा पराभव नीट समजत नाही.

पहिली गोष्ट आर्मीविषयी. १९३१ सालानंतर आर्मीने नोटर डेमविरुद्ध एकदाही विजय मिळविलेला नव्हता. दोन सामने बरोबरीत सुटले होते. बाकी सारे हरले. १९३९ ते १९४३ या पाच वर्षांत तर त्यांस या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एक गुणही करता आला नव्हता. १९४३ च्या सामन्यात ते २६-० असे हरले होते. म्हणजे ज्यांनी ५९ गुण केले तेही धूळ झटकून उठलेलेच लोक होते. विजयी झालेला मनुष्य नेहमी विजयीच होता असे आपण मानतो. ते बहुधा खरे नसते.

दुसरी गोष्ट नोटर डेमविषयी, आणि ती अधिक बोचणारी आहे. त्याच हंगामात, त्या शनिवारच्या बरोबर चार आठवडे आधी, १४ ऑक्टोबरला, याच मुलांनी डार्टमथ महाविद्यालयाच्या संघास ६४-० असे हरविले होते. त्याआधी पिट्सबर्गला ५८-० असे. तेव्हा कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नाही. निदान त्यांच्या बाजूस तरी नाही. ज्या मापाने त्यांनी दुसऱ्यांस मोजून दिले, जवळजवळ त्याच मापाने त्यांस महिन्याभरात मोजून मिळाले.

हे सांगताना आमचाच शब्द आमच्या घशात अडकला. कारण आमच्या मुलांनी दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या एका लहान वाडीच्या संघास आठ गोलांनी हरविले होते. त्या रविवारी मिस्सेनंतर तो आकडा आम्ही स्वतः मोठ्या आवाजात जाहीर केला आणि मुलांस पेढे वाटले. वाडीची दोन कुटुंबे त्या दिवशी आमच्याच चर्चमध्ये होती. त्यांची मुले कोठे पाहत होती, हे आम्ही पाहिले नाही. आठ बोटे प्रथम आम्हीच दाखविली होती.

आता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. नोटर डेमच्या मुलांनी पुढे काय केले? ती न्यूयॉर्कहून आपल्या गावी परतली. सोमवार आला. वर्ग सुरू झाले. सायंकाळी मैदानावर सराव झाला. कारण पुढच्या शनिवारी नॉर्थवेस्टर्न या संघाशी सामना ठरलेला होता आणि तो काही कोणी पुढे ढकलणार नव्हते. १८ नोव्हेंबरला तो सामना झाला. नोटर डेम २१, नॉर्थवेस्टर्न ०. त्याच्या पुढच्या शनिवारी जॉर्जिया टेकविरुद्ध पुन्हा २१-०. डिसेंबरच्या दोन तारखेस ग्रेट लेक्स येथील नौदलाच्या प्रशिक्षण तळाच्या संघावर २८-७ असा विजय. हंगाम संपला तेव्हा दहा सामन्यांपैकी आठ जिंकलेले होते आणि दोन हरलेले.

या तीन सामन्यांविषयी आज फारसे कोणी बोलत नाही. पुस्तके ५९ चा आकडा सांगतात आणि मग एकदम दोन वर्षे पुढे उडी मारतात. परंतु आमच्या मते या कथेचे खरे हृदय १८ नोव्हेंबरच्या त्या शनिवारी आहे. त्या दिवशी मैदानात उतरलेली मुले तीच होती. त्यांच्या जागी कोणी नवे वीर आले नव्हते. प्रतिस्पर्धी आर्मी नव्हता, म्हणून सूड उगविण्याची सोय नव्हती. समोर केवळ पुढचे काम होते, आणि ते त्यांनी केले.

येथे कोणी म्हणेल, एकदा सावरले म्हणजे झाले. तसेही नाही. पुढच्या वर्षी, १० नोव्हेंबर १९४५ रोजी, पुन्हा त्याच मैदानावर आर्मीशी गाठ पडली. युद्ध संपले होते, पण लेही आणि लुजॅक अजून संघात परतले नव्हते. ह्यू डेव्होर नावाचे प्रशिक्षक ती धुरा वाहत होते. निकाल: आर्मी ४८, नोटर डेम ०. आणि पुढच्या शनिवारी? नॉर्थवेस्टर्नवर ३४-७ असा विजय. त्यानंतर टुलेनवर ३२-६. हंगामाचा शेवटचा सामना मात्र ग्रेट लेक्सविरुद्ध ३९-७ असा हरला. चढउतार असे असतात. उठलेला मनुष्य पुन्हा पडत नाही असे वचन कोणी कोणास दिलेले नाही.

या दोन्ही पराभवांत संघाचा डाव चालविणारा क्वार्टरबॅक एकच होता. त्याचे नाव फ्रँक डान्सविच. १९४५ साली तो संघाचा कर्णधारही होता. ५९ आणि ४८ हे दोन्ही आकडे त्याने मैदानावर उभे राहून सोसले. १९४६ च्या आरंभी व्यावसायिक संघांनी महाविद्यालयीन खेळाडूंची निवड केली, तेव्हा साऱ्या देशातून पहिला निवडला गेला तो हाच डान्सविच. निवडणाऱ्यांनी पराभवाचे आकडे वाचलेले नसतील असे नाही. त्यांनी त्या आकड्यांपलीकडचा खेळाडूही पाहिला असला पाहिजे. आमच्या गोलरक्षकाच्या वडिलांस आम्ही हे दोनदा सांगितले.

नंतर आला १९४६ चा तो गाजलेला सामना. लेही परतले. लुजॅक परतला. युद्धावर गेलेले अनेक जण परत येऊन पुन्हा विद्यार्थी झाले. नोटर डेमचे विद्यार्थी महिनाभर आधीपासून ५९ आणि ४८ हे दोन आकडे यमकात गुंफून घोष करीत हिंडत होते आणि या वर्षी फेड करू म्हणत होते. आर्मीचा संघ लागोपाठ पंचवीस सामने जिंकून आलेला होता. ब्लँचर्ड व डेव्हिस होतेच. ९ नोव्हेंबर १९४६ रोजी यांकी स्टेडियम पुन्हा काठोकाठ भरले. आता सूड उगविला जाणार, अशी त्या हजारो लोकांची खात्री होती.

सामना ०-० असा बरोबरीत सुटला.

नोटर डेमचा संघ एकदा आर्मीच्या रेषेपासून चार यार्डांवर पोचला आणि तेथे अडला. लुजॅकने फेकलेले तीन चेंडू आर्मीच्या आर्नल्ड टकरने मध्येच झेलले. मग एकदा ब्लँचर्ड सर्वांस चुकवून कडेने सुटला. पुढे मैदान मोकळे होते आणि वाटेत एकटा लुजॅक उरला होता. घोटा दुखावलेला असताही तो धावत गेला आणि त्याने ब्लँचर्डचे पाय कवेत घेऊन त्याला खाली पाडले. तो निसटला असता तर बहुधा आर्मी जिंकली असती. ज्याने तीन चेंडू गमाविले त्याच गड्याने सामना राखला. एकाच मनुष्याच्या एकाच दुपारी चूक आणि पराक्रम दोन्ही कसे मावतात, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

परंतु ज्यांस सूड हवा होता ते रित्या हातांनी घरी गेले. दोन वर्षे उगाळलेले ते दोन आकडे, आणि समोर नुसते दोन भोपळे! मात्र नोटर डेमने पुढचे शनिवार वाया घालविले नाहीत. त्या हंगामात आठ विजय व एक बरोबरी एवढी कमाई करून ते राष्ट्रीय क्रमवारीत पहिले आले आणि आर्मी दुसरी. पुढच्या वर्षी, ८ नोव्हेंबर १९४७ रोजी, साउथ बेंड येथे त्यांनी आर्मीला २७-७ असे हरविले. त्यानंतर दोन्ही संस्थांनी हे वार्षिक सामने थांबविले. पुन्हा गाठ पडली ती १९५७ साली. १९४६ ते १९४९ या चार हंगामांत नोटर डेम एकही सामना हरले नाही. जॉनी लुजॅक पुढे दीर्घायुषी झाला. २०२३ साली वयाच्या ९८ व्या वर्षी तो वारला.

तेव्हा वाचकहो, पराभवातून उठणे म्हणजे हरविणाऱ्यास हरविणे, ही समजूत आपण सोडून दिली पाहिजे. सूड मिळेल की नाही हे आपल्या हाती नसते. मिळाला तरी तीन वर्षांनी, आणि बहुधा दुसऱ्याच कोणाच्या हातून मिळतो. १९४७ साली जिंकलेल्या संघात १९४४ च्या त्या मुलांपैकी फारच थोडी होती. पुढचा शनिवार मात्र प्रत्येकाच्या हाती असतो. पीक वाहून गेलेल्या शेतकऱ्याचा पुढचा शनिवार म्हणजे रब्बीची नांगरट. नापास झालेल्या मुलीचा पुढचा शनिवार म्हणजे फेरपरीक्षेसाठी उघडलेले पहिले पान. त्यास गाजावाजा नसतो, पेढे नसतात. परंतु मनुष्य उठतो तो तेथेच.

आणि आईबापांस एक विनंती. मूल हरून घरी आले तर त्याला प्रथम जेवावयास घाला. आकडा विचारू नका. तो त्याला पाठ असतो. 'पुढच्या वर्षी त्यांना दाखवून दे' असेही म्हणू नका. त्याने ओझे वाढते. 'उद्या सरावाला किती वाजता जायचे आहे?' एवढेच विचारा. आणि मूल जिंकून घरी आले, तर समोरच्या बाजूस कोण होते हेही एकदा विचारा.

आम्ही आमच्या परीने जे केले ते असे. त्या रात्री मुलांस बोलावून टेम्पोतील आमच्या मुकेपणाबद्दल क्षमा मागितली. मग आठ गोलांनी हरविलेल्या त्या वाडीत गेलो आणि त्या रविवारच्या पेढ्यांविषयीही दोन शब्द बोललो. तेथील मुलांस विचारले, येत्या शनिवारी आमच्याशी खेळाल का? त्यांच्या कर्णधाराने आमच्या नऊ गोलांची बातमी ऐकलेली होती. तो हसला नाही. म्हणाला, "येतो, फादर. कसं वाटतं ते आम्हाला ठाऊक आहे."

सोमवारी सरावास सात मुले आली, बुधवारी दहा. गोलरक्षक गुरुवारी आला. कोणी त्यास काही विचारले नाही. शनिवारचा सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. आमच्यावर गोल झाला तेव्हा त्याने चेंडू जाळीतून स्वतः काढला, मधल्या रेषेकडे मारला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभा राहिला. त्याचे वडील मैदानाच्या कडेला चिंचेखाली उभे होते. अंधार पडल्यावर ते आमच्याजवळ आले. मुलाच्या खेळाविषयी काहीच बोलले नाहीत. फक्त विचारले, "फादर, पुढचा सामना कधी आहे?"